जुनी लाजिरवाणी पोस्ट: पुसायची की कबूल करायची?

ओसरी (धागाकर्ती):
फेसबुकने परवा २०१२ मधली आठवण समोर आणली. होस्टेलच्या मैत्रिणीच्या 'पानी', 'लोनी' या उच्चारांची मी टिंगल केली होती, तीही तिला टॅग करून. खाली ४३ जण हसलेत. आज मी कॉलेजात शिकवते आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं तसंच बोलतात. पाहून पोटात गोळाच आला. तरी मला वाटतं, पुसू नये. खाली 'मी चुकले' असं लिहून राहू द्यावी. पुसली तर मी हे लिहिलंच नव्हतं असं होईल.

सातबारा:
आजच पुसा. पोस्ट तुमची असली तरी अपमान तिचा आहे. तुमच्या कबुलीसाठी तिने अजून किती वर्षं तिथे टांगून राहायचं? कमेंट टाकलीत की तिला नोटिफिकेशन जाणार, ते वेगळंच.

पाऊलवाट:
मला नाही पटत. इंग्लंडचा गोलंदाज ऑली रॉबिन्सन आठवा. जून २०२१, लॉर्ड्सवर कसोटी पदार्पण, आणि त्याच दिवशी त्याची २०१२-१३ मधली वर्णद्वेषी, बायकांना हिणवणारी ट्वीट्स बाहेर आली. संध्याकाळीच त्याने जाहीर माफी मागितली. निलंबन झालं, पण ऑगस्टमध्ये भारताविरुद्ध खेळला, हेडिंग्लेला सामनावीर ठरला. लोक कबूल करणाऱ्याला परत घेतात. पुसलेल्याचा स्क्रीनशॉट निघाला, तर लपवल्याचाही डाग लागतो.

सातबारा:
तो पकडला गेल्यावर बोलला, त्याला कबुली कसं म्हणायचं? शिवाय त्या कसोटीत त्याने ७ विकेट काढल्या होत्या. साध्या नोकरदाराला कोण परत बोलावतं?

गोदाकाठ:
मी 'पानी' म्हणणारी. अकरावीला पुण्यात आले आणि दोन वर्षं वर्गात हात वर केला नाही. उत्तर येत असायचं, तरी नाही. पोस्ट ठेवा नाहीतर पुसा, मला त्याचं काही नाही. हसणाऱ्यांपैकी एकीने जरी नंतर फोन केला असता, तर मला बरं वाटलं असतं. ओसरी, फोन करा. आणि 'तेव्हा लहान होते गं' एवढं मात्र म्हणू नका.

ओसरी:
नोटिफिकेशनचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. टॅग काढला, पोस्ट फक्त मला दिसेल अशी केली. पुसायची की नाही ते तिला विचारून ठरवेन. वर्गात मात्र हे मी माझ्या तोंडाने सांगणारच.

सातबारा:
सांगा. तिचं नाव-गाव घेऊ नका.