पदवीच्या पोरांना ज्येष्ठ संशोधकांच्या हाताखाली लावावं का?

पाटीपेन्सिल:
माझं मत, दुसऱ्या वर्षापासूनच लावावं. मी शिकवते, रोज बघते, पोरं अख्खी डिग्री उत्तर आधीच ठरलेले प्रयोग करतात, जर्नल लिहितात, व्हायवा देतात आणि बाहेर पडतात, ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही अशा प्रश्नासमोर एकदाही बसत नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटीत हे १९६९ पासून चालू आहे. आणि मार्सडेन आठवा ना! १९०९ साल, वय २०, पदवीचा विद्यार्थी. त्याचा प्रोफेसर रदरफोर्डने सांगितलं, धातूच्या पत्र्यावर आपटून अल्फा कण (किरणोत्सर्गी पदार्थातून सुटणारे बारीक कण) उलटे येतात का बघ. येतील असं खुद्द रदरफोर्डलाही वाटत नव्हतं. पोरगा अंधारात बसून मायक्रोस्कोपमधून पडद्यावरचे ठिपके मोजत राहिला आणि आले की, ८००० त एखादा! अणुकेंद्र सापडलं ते त्यातून.

मूळसंख्या:
सहमत नाही. मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. आमच्याकडे दरवर्षी तीन पोरं सरांच्या नावावर येतात, सर पहिल्या दिवशी भेटतात, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटवर सही करतात, मधले आठ आठवडे पिपेट कसं धरायचं इथपासून सगळं माझ्याकडे आणि माझा थीसिस तसाच पडून. मार्सडेनची गोष्ट सांगताय तर पूर्ण सांगा, त्याला हाताशी धरून शिकवलं रदरफोर्डचा सहायक गायगरने, याला काहीतरी संशोधन द्या असं रदरफोर्डला म्हणालाही गायगरच. पण पेपरवर गायगरचं नाव आहे. आमचं कुठे येतं?

सांजवारा:
मी त्या तीन पोरांपैकी एक होते असं समजा. सहा आठवडे जुन्या नोंदवह्यांतले आकडे एक्सेलमध्ये भरले. यातून शोधायचंय काय, असं विचारलं तर उत्तर आलं, "तू आधी भर." पैसे शून्य. माझी मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार, पण तिला सुट्टीत नोकरी करणं भाग होतं, ती आलीच नाही. आणि श्रेयाचं म्हणाल तर बेस्ट बघा, १९२१ मध्ये नुकताच पदवी झालेला, इन्सुलिनच्या प्रयोगात डॉक्टर बँटिंगच्या बरोबरीने राबला, १९२३ चं नोबेल मिळालं बँटिंग आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लाउड यांना. बँटिंगने आपल्या वाट्यातले अर्धे पैसे बेस्टला दिले, पण असा बँटिंग किती जणांना भेटतो?

उंबरठा:
मला भेटल्या. साठी ओलांडलेल्या मॅडम, पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास. माझ्या ग्राफवर एक बिंदू रेषेपासून लांब पडला होता, मी तो गुपचूप काढणार होतो. त्यांनी त्या दिवसाची वही काढायला लावली. त्या दिवशी मशीन गरम व्हायच्या आधीच मी रीडिंग घेतलं होतं. म्हणाल्या, "खोडू नकोस, कारण लिही." वर्षभराच्या प्रॅक्टिकलमध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं. सीनियर दादाने तर "काढून टाक" सांगितलं होतं (त्याचाही दोष नाही, त्याला डेडलाइन होती).

मूळसंख्या:
हा अर्धा तास मला मान्य आहे. मग तो लेखी अट म्हणून घाला, नाहीतर पहिला तोच गळतो.

पाटीपेन्सिल:
घालते. एका मार्गदर्शकाकडे दोनच विद्यार्थी, ठरलेली वेळ त्याने स्वतः द्यायची आणि मधे जो रोज शिकवतो त्याचं नाव रिपोर्टवर, हे तिन्ही मुद्दे आमच्या प्रस्तावात टाकते. स्टायपेंडसाठी मात्र अजून कुणी हो म्हणत नाहीये.

सांजवारा:
मग हो म्हणेपर्यंत थांबा. नाहीतर माझी मैत्रीण यंदाही बाहेरच राहील.