‘स्टॅक’ला मराठीत काय म्हणावं: थर, थप्पी, चवड की गंजी?

प्रश्न: नागपूरच्या कळमन्यातल्या एका गोडाऊनसाठी मराठी फलक करायचे आहेत. इंग्रजी मजकुरात पोती असोत की खोकी, सगळीकडे ‘स्टॅक’ हे एकच क्रियापद आहे. ‘थर लावणे’ चालेल का?

– पोत्यांना ‘थप्पी लावणे’ लिहा. हमालांच्या तोंडी तोच शब्द आहे. थर म्हणजे थप्पीतली एक आडवी पातळी, तो मोजण्यापुरता राखून ठेवा. शिवाय रंगाचा किंवा गाळाचा थर खालच्याला चिकटून बसतो. स्टॅक केलेली वस्तू मात्र सुटी उचलता आली पाहिजे. मराठीत वस्तूगणिक शब्द बदलतो. नाण्यांची चळत, भाकरींची किंवा कागदांची चवड, मडक्यांची उतरंड. उतरंडीत मोठं खाली, लहान वर हा क्रमही आलाच. संगणकातल्या स्टॅकला चवड छान बसतं, कारण शेवटी ठेवलेलं तिथे आधी निघतं.

– फलकावर नुसतं ‘थप्पी लावा’ लिहून भागणार नाही. एक थर उभा, त्यावरचा आडवा, अशी सांधेमोड हवी. सगळी पोती एकाच दिशेने रचली तर बाजूचे रकाने सुटे पडतात आणि थप्पी बाहेर झुकते. तागापेक्षा प्लास्टिकचं पोतं जास्त घसरतं, म्हणून त्याची थप्पी कमी उंच ठेवतात. खाली लाकडी पॅलेट हवेत, नाहीतर फरशीची ओल तळाच्या तुरीला लागते. भिंतीपासून दोन-अडीच फूट जागा सोडायला सांगा. कीड पाहायला आणि धुरी देताना ताडपत्री चारी बाजूंनी दाबायला ती लागतेच.

– खोक्यांना मात्र हा नियम लावू नका! पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद कोपऱ्यांत आणि उभ्या कडांत असते. संत्र्याची खोकी आडवी-उभी रचली की वरच्याचा कोपरा खालच्याच्या मधोमध येतो, पुठ्ठा दबतो आणि भार थेट फळांवर जातो. हवेची भोकंही एकासमोर एक राहत नाहीत. तिथे ‘कोपऱ्यावर कोपरा ठेवून रचा’ असंच लिहा आणि ढळू नये म्हणून बाहेरून पट्टी बांधायला सांगा.

प्रश्न: शेतातल्या सोयाबीनलाही थप्पीच म्हणायचं?

– नाही, ती गंजी. विदर्भात काही भागांत सुडीही म्हणतात. शेंगा आत, बुडखे बाहेर, माथा उतरता आणि वर ताडपत्री. ओलं पीक रचलं तर आत वाफ धरते, दाणा काळा पडतो, बुरशी येते. म्हणून ‘वाळवून गंजी लावा’ हे एकत्रच लिहावं.

– आकड्याचं राहिलं. ‘पाचपेक्षा जास्त नको’ यात तळाचं खोकं धरायचं की नाही, यावर गोंधळ होतो. आधी मूळ इंग्रजी सूचनेत काय धरलंय ते मालकाला विचारून घ्या. तळाचं धरलं असेल तर: ‘खोकी एकावर एक रचा. तळातलं धरून जास्तीत जास्त ५.’