मदत हवी आहे: हवेची गळती कमी झाली, पण बचत कामगिरीत कशी दाखवायची?

मशीन शॉप, ३७ किलोवॅटचा लोड-अनलोड स्क्रू कॉम्प्रेसर (लोड म्हणजे हवा भरतो, अनलोड म्हणजे दाब पुरेसा झाल्यावर नुसता फिरतो), दाब ७ बार. सगळी मशीन बंद ठेवून गळती मोजली: लोड ९० सेकंद, अनलोड २१०. म्हणजे ९० भागिले ३००, कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या सरळ ३० टक्के हवा वाया! दोष मुख्य पाइपात नव्हता. क्विक कपलिंगचे झिजलेले ओ-रिंग, एफआरएलच्या (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर संच) वाटीखालचा ड्रेन आणि ब्लेडने तिरप्या कापलेल्या पीयू (पॉलियुरेथेन) नळ्या. तिरपं टोक पुश फिटिंगच्या तळाला टेकत नाही, तिथून सू-सू चालूच राहतं. नळ्या कटरने काटकोनात कापून बसवल्यावर लोड ७२, अनलोड ५२८. गळती १२ टक्के.

अडचण पुढे आहे. अनलोडमध्येही कॉम्प्रेसर पूर्ण भाराच्या पाव ते तिसरा हिस्सा वीज खातो, त्यामुळे बचत गळतीच्या प्रमाणात उतरत नाही. एचटी (उच्चदाब वीजजोडणी) बिल केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या खऱ्या वापरावर नाही तर एकूण खेचलेल्या विजेवर येतं; पॉवर फॅक्टर (या दोन्हींचं प्रमाण) हलला की आकडा हलतो. उत्पादनही दरमहा वेगळं. नुसतं युनिट प्रति किलो काढलं तर मंदीच्या महिन्यात चांगलं कामही वाईट दिसतं, कारण स्थिर भार तेवढाच राहतो.

१) कॉम्प्रेसरला वेगळा मीटर लावून १२ महिन्यांची 'स्थिर भार + उत्पादन' अशी तुलनेची रेषा काढणं पुरेसं आहे का, की शिफ्टचे तासही घ्यावेत?

२) ऑपरेटरच्या मूल्यमापनात काय मोजावं? गळतीचे टॅग (गळती सापडलेल्या जागी लावायच्या चिठ्ठ्या) मोजले तर लोक गळती दाखवायलाच कचरतील, ही खरी भीती आहे. लावलेले टॅग जमेस धरून फक्त दुरुस्तीला लागलेले दिवस मोजणारं कुणी आहे का? तक्त्याचा नमुना मिळाला तर फार उपयोग होईल.