कान्हेरीची कारवी मेली का? आणि ते पांढरं झाड कुठलं?

रानवेडी_बोरिवली:
काल आईला घेऊन कान्हेरीला गेले होते, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जिथे कारवीच्या झुडपांना फुलं येऊन अख्खा उतार जांभळा झाला होता तिथेच, आणि आता बघते तर कारवीच्या नुसत्या वाळक्या काठ्या उभ्या, एक पान नाही. आई म्हणाली वणवा लागला असेल, पण जळल्याची खूण कुठेच नव्हती. खरंच जीव तुटला हो. पाऊस सुरू झालाय, आता तरी फुटेल का ती? आणि लेण्यांच्या वर कातळात एक झाड आहे, खोड पांढरंफेक, साल कागदासारखी सुटते, ते कुठलं?

येऊरकर:
वणवा नाही ताई. कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग एकाच पावसाळ्यात सगळी फुलते आणि बी धरून मरते, २०१६ ला पण असंच झालेलं. या काठ्या आता फुटायच्या नाहीत. आमच्या आजीच्या घराला याच काठ्यांचा कूड होता, वरून शेणमातीने लिंपलेला, उन्हाळ्यात आत काय गार वाटायचं म्हणून सांगू. बोंडं फांदीवरच वाळतात आणि तडतड फुटून बी उडतं, तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही माणूस.

पानगळ:
पुढच्या वेळी काठ्यांच्या बुडाशी वाकून बघा, पावसाने बोटभर रोपं दाटीवाटीने उगवलेली दिसतील. सगळी एकाच पावसात उगवतात म्हणून वयाने एकसारखी, आणि म्हणूनच फुलतातही एकदम, म्हणजे आता २०३२. फक्त प्लीज वाट सोडून आत जाऊ नका, फोटोसाठी लोक आत घुसतात आणि ही रोपं पायाखाली जातात, फार वाईट वाटतं.
पांढरं झाड म्हणजे कांडोळ, काही जण सारडोळ म्हणतात. जिथे माती नाही तिथे कातळाच्या भेगेत मूळ घालून उभं राहतं. उन्हाळ्यात पानं नसताना चांदण्यात बघितलं तर अंगावर काटा येतो. फळ लाल, चांदणीसारखं, पण हात लावू नका, त्याची लव टोचते आणि भयंकर खाज सुटते.
आणि पहाटे जमलं तर नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ ऐका, पावसाच्या तोंडावर येतो तो.

रानवेडी_बोरिवली:
थँक यू दोघांनाही. आईला वाचून दाखवलं, ती म्हणते २०३२ ला मी ७१ ची असेन, तरी येणार. रविवारी परत जातोय, रोपं बघायला.