डोंगरावरचे २०० फ्लॅट: आमचा विरोध कशाला आहे, आणि गावातल्याच लोकांचा आम्हाला विरोध का आहे?

कुळागरकार

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमच्या गावात, वाड्याच्या पाठच्या डोंगरावर २०० फ्लॅटांचा प्रकल्प येऊ घातलाय. त्याविरुद्ध आम्ही सह्या गोळा करतोय आणि रविवारच्या ग्रामसभेत ठराव मांडणार आहोत. सह्या मागायला फिरताना गावातल्याच दोघा-तिघा तरुणांनी तोंडावर सांगितलं, "तुमचं घर झालं, आता आमचं होऊ देऊ नका." ते मनाला लागलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

डोंगराच्या पायथ्याशी आमची झर आहे. तिच्या पाण्यावर खालची पाच-सहा कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा, उभ्या आहेत. पोफळी, माड, मिरवेल, सगळं पाटाच्या पाण्यावर. वर जांभ्याचा सडा आणि काजूची झाडं. पाऊस त्या सड्यात मुरतो आणि मे महिन्यापर्यंत थोडा थोडा खाली येतो. यंदा प्रकल्पाच्या रस्त्यासाठी उन्हाळ्यात जेसीबी लावून डोंगराची कड कापली. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीला पाटातून लाल चिखल आला. पोफळींच्या बुंध्याशी वीतभर गाळ बसला, तो फावड्याने ओढून काढावा लागला. आमच्या शेजारच्या विहिरीचं पाणी श्रावणापर्यंत निवळलं नाही. ही फक्त रस्त्याची गोष्ट झाली, इमारती अजून यायच्या आहेत.

आता पाण्याचा हिशेब. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. २०० घरं, घरटी ५ माणसं, म्हणजे रोज १ लाख ३५ हजार लिटर. दहा हजार लिटरचे तेरा-चौदा टँकर. ओपाच्या जलप्रकल्पाचं पाणी फोंडा आणि तिसवाडी दोघांना पुरवायचं असतं. २०१९ च्या ऑगस्टात खांडेपारला जलवाहिनी फुटली तेव्हा भर पावसात दोन्ही तालुक्यांचे नळ कितीतरी दिवस कोरडे होते, ते विसरलात का? नळ नाही आला की बोअर मारणार, आणि बोअर आमच्या झरीचंच पाणी ओढणार.

घरं नकोत असं मी म्हणत नाही. त्या डोंगरावर नकोत.

भाड्याचं घर

तोंडावर बोलणाऱ्यांतला एक मी. नावानिशी ओळखता तुम्ही मला, काका, म्हणून स्पष्ट लिहितो.

लग्न झाल्यापासून फोंडा शहरात भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा करार संपत आला की मालक भाडं वाढवतो, नाहीतर खोली खाली करायला सांगतो. मुलीची शाळा एकीकडे, घर दरवेळी दुसरीकडे. गावात वडिलोपार्जित घर आहे, पण एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या, उताऱ्यावर आजोबांच्या सगळ्या भावंडांची नावं आहेत. वाटणी करायची तर प्रत्येक वारसाची आणि त्याच्या जोडीदाराची सही हवी. एक काका वारले, त्यांची मुलं परदेशात. इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांत वाटणी करायचा, दावा कोर्टात पडून आहे. सनद, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा कागद, नाही तर बँक कर्ज देत नाही. मग मी घर बांधू कुठे?

त्या डोंगरावर नको म्हणता. गेल्या वेळी खालच्या शेताकडे चार मजल्यांची इमारत यायची होती, तेव्हा शेतात नको म्हणालात. बाजाराजवळच्या जागेला गाड्यांची गर्दी होईल म्हणून विरोध झाला. प्रत्येक जागेला कारण आहे आणि प्रत्येक कारण खरंही असेल. पण सगळ्या कारणांची बेरीज केली तर माझ्यासारख्याने गाव सोडावा, एवढंच उरतं.

आणि पाण्याचं म्हणाल तर ती हजार माणसं कुठेतरी राहणारच, जिथे राहतील तिथे पाणी पिणारच. एका इमारतीत राहिली तर कमी जमिनीत राहतील. बंगल्यांचे प्लॉट पडले तर याच्या कितीतरी पट जमीन जाईल.

माटोळी

दादा, तुझी अडचण खरी आहे, पण हे फ्लॅट तुझ्यासाठी नाहीत. जाहिरातीचा फलक बघ: स्विमिंग पूल, क्लब हाउस, 'विमानतळापासून इतक्या मिनिटांत'. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हापासून तर प्रत्येक फलकावर हीच ओळ आहे. तुला विमानतळ जवळ हवा की मुलीची शाळा?

२०११ च्या जनगणनेत गोव्यातलं दर पाचांतलं एक घर रिकामं नोंदलं गेलं होतं. घरांचा आकडा वाढून भाडं उतरत असतं तर तुझं भाडं केव्हाच उतरायला हवं होतं. आमच्या बाजूच्या इमारतीत चतुर्थीला चार खिडक्यांत दिवे लागतात, डिसेंबरात सगळीकडे. मग पुन्हा अंधार.

सेंट्रिंगवाला

रिकाम्या घरांचा आकडा सगळेच सांगतात. त्यात कुलूप लावलेली वडिलोपार्जित घरं किती आहेत, तेही बघा. वर ज्यांनी इन्व्हेंटरीचं दुखणं सांगितलं, त्यांच्या आजोबांचं घरही त्याच आकड्यात असणार. ते काही भाड्याने मिळत नाही.

मी बांधकामातला माणूस. माझ्या हाताखाली गावातले प्लंबर, वायरमन, गवंडी आहेत. मोठं काम अडवलं की ते थांबत नाही, तुकडे होऊन येतं. आज दोन प्लॉट, पुढच्या वर्षी चार, प्रत्येकाची वेगळी फाइल, प्रत्येकाचा वेगळा सोकपिट, म्हणजे सांडपाणी मुरवायचा खड्डा. मोठ्या प्रकल्पाला निदान सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट घालावा लागतो. वाड्यावरच्या घरांचे सोकपिट विहिरींपासून किती हातांवर आहेत, ते कुळागरकारांनी मोजावं. विहिरीचं पाणी फक्त जेसीबीने बिघडत नाही.

जुना आरेखक

मी नगरनियोजनाच्या नकाशांवर आयुष्य काढलंय, म्हणून कामाचं तेवढं सांगतो.

कुठल्या जमिनीचा वापर कशाला, हे प्रादेशिक आराखडा ठरवतो, आणि त्याच्या नावातलं साल म्हणजे तो कुठवरचा, ते. प्रादेशिक आराखडा २०२१ करताना गावागावांतून सूचना घेतल्या होत्या. आधीचा २०११ चा आराखडा लोकांच्या आंदोलनामुळे २००७ साली रद्द करावा लागला, त्यातूनच हा धडा घेतलेला. नव्या आराखड्यात २५ टक्क्यांहून जास्त उताराची जमीन बांधकामाबाहेर ठेवली. तुमचा डोंगर त्यात बसतो का, हे पहिलं बघा. तसा असेल आणि तरीही आज तो सर्वे नंबर वसाहत क्षेत्रात दिसत असेल, तर तो केव्हा आणि कुठल्या कलमाखाली बदलला, याची प्रमाणित प्रत मागा. नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये आलेल्या कलम १७(२) खाली 'आराखड्यातली चूक दुरुस्त करतो' म्हणत लाखो चौरस मीटर जमिनीचा झोन बदलला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्या कलमाचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली. झोन बदलायलाच त्या कायद्यात २०२४ मध्ये आलेल्या कलम ३९अ ची तऱ्हा वेगळी. त्यात राजपत्रात सूचना येते आणि हरकतींना ३० दिवस मिळतात. राजपत्र वाड्यावर कोण वाचतो? मुदत उलटल्यावर जेसीबी दिसतो, तेव्हा लोक जागे होतात.

दुसरी गोष्ट. बरेच जण 'जनसुनावणीत बोलू' म्हणून थांबतात. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटरवरच्या बांधकामाला पर्यावरण दाखला लागतो, पण इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. ती सुनावणी कधी येणारच नाही. प्रकल्प टप्प्याटप्प्याने दाखवून २० हजारांच्या आत बसवलाय का, तेही तपासा.

आणि डोंगर कापायला त्याच नगरनियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली वेगळी परवानगी लागते. रस्त्यासाठी ती घेतली होती का? हा एक प्रश्न तुमच्या दोनशे सह्यांहून जड आहे.

भाटाचा वाटेकरी

ती डोंगरावरची जमीन आमच्या भाटातली, म्हणजे काजूच्या बागायतीतली. विकली म्हणून देवळात लोक बोलायचे थांबतात, म्हणून हे लिहावं लागतंय.

आम्ही चौदा वाटेकरी. काजूच्या हंगामात बोंडू गोळा करायला माणूस मिळत नव्हता. वणवा लागला तर विझवायला जाणारे आम्ही दोघेच, दोघेही साठीपुढचे. आईच्या डायलिसिसला दर आठवड्याला गाडी करून नेत होतो. विकायची म्हणून गावात तीन वर्षं सांगत होतो, तेव्हा एकही गावकरी पुढे आला नाही. झर वाचवायची होती तर त्या वेळी कुळागरवाल्यांनी एकत्र येऊन वरचा पट्टा घ्यायला हवा होता. डोंगराचा फायदा खालच्यांना आणि राखायचा खर्च वरच्यांना, असं किती पिढ्या चालणार?

कुळागरकार

वाटेकरीदादा, तुमच्यावर कुणी बोट दाखवू नये. तुमच्या आईच्या आजारपणाचं मला ठाऊक आहे. पण जमीन विकणं वेगळं आणि विकलेल्या जमिनीवर वाटेल ते उभं राहणं वेगळं. काजूचं भाट घेणाऱ्याने भाटाचा दर दिला की वसाहतीचा, आणि मधला फरक कुणाच्या खिशात गेला, याचं उत्तर मला हवंय. झोन बदलल्यावर जो भाव चढतो, तो ना तुम्हाला मिळाला ना गावाला.

सेंट्रिंगवाले, सोकपिटांचं बोललात ते मान्य. वाड्यावर ड्रेनेजची लाइन नाही, ती मागणी ठरावात घालू. पण सांडपाण्याचा प्लँट कागदावर असतो आणि वीजबिल सोसायटीच्या गळ्यात पडलं की बंद पडतो, हेही तुम्ही बघितलेलं आहे.

दोडामार्गची सून

मी महाराष्ट्रातल्या दोडामार्गहून लग्न होऊन या गावात आले. पाण्यासाठी मी सही करायला तयार होते. पण तुमच्या निवेदनातली चौथी ओळ वाचली, 'परप्रांतीयांच्या लोंढ्यामुळे गावाची संस्कृती नष्ट होईल', आणि कागद परत दिला. माझा भाऊ इथे औषधाच्या कारखान्यात कामाला आहे, रोज मोटारसायकलने सीमा ओलांडतो. तो लोंढ्यातला की पाहुणा? पायाड बांधणारी बिहारची पोरं ज्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात, त्या खोल्या गावातल्याच लोकांनी भाड्याने दिल्यात.

झरीचा मुद्दा एवढा पक्का असताना ही ओळ कशाला लागते?

कुळागरकार

ती ओळ ठरावात नसेल. मसुदा मीच लिहितोय, वहिनी.

माटोळी

मला ती ओळ अगदीच चुकीची वाटत नाही. माणसांबद्दलचा शब्द बदला, पण हजार माणसांची बंद फाटकाआडची वसाहत आणि साडेतीनशे उंबऱ्यांचा गाव, यांचं नातं काय राहणार, हे विचारायला हवं. ते जत्रेला येतील का, पालखीच्या वाटेवर गाड्या उभ्या करतील का? मला काळजी वाटते आणि ती मी लपवणार नाही.

भाड्याचं घर

इमारतीत राहणारा मीच असेन, ताई. पालखीला खांदा द्यायला मीच येईन. फ्लॅट म्हटलं की तुम्हाला दिल्लीचा माणूस दिसतो. मला माझी बायको गॅलरीत कपडे वाळत घालताना दिसते.

आरेखक काकांचं पटलं. उतार खरोखर २५ टक्क्यांवर असेल तर त्या डोंगरावर घर मला मोफत दिलं तरी नको. २०२१ च्या जुलैत सत्तरी तालुक्यात दरडी कोसळल्या, ते बघायला मी गेलो होतो. पण मग गावाने दुसरा ठराव आणावा. वसाहत क्षेत्रात, रस्त्याला लागून, पाण्याची लाइन आहे अशी जागा गावानेच दाखवावी आणि गृहनिर्माण मंडळाकडे स्थानिकांसाठी घरं मागावीत. पर्वरीला, मडगावच्या घोगळला मंडळाच्या वसाहतींत साध्या नोकरदारांची दुसरी पिढी राहतेय. इथे का नको? दोन्ही ठराव एकत्र मांडा, मी पहिला हात वर करतो. फक्त 'नको'चा ठराव आणलात तर मी विरोधात उभा राहीन, आणि एकटा नसेन.

सेंट्रिंगवाला

मंडळाची घरं येईपर्यंत तुमची मुलगी कॉलेजात जाईल. जागा दाखवायला निघालात की त्या जागेशेजारचे लोक सह्या घेऊन उभे राहतील. मला तर कुळागरकारांचा ठरावही मान्य नाही. उतार कमी असलेल्या भागात कमी घरं, बोअरला बंदी, पावसाचं पाणी मुरवायची सक्ती, अशा अटी घालून काम होऊ द्यावं. मी ग्रामसभेत तसंच बोलणार.

कुळागरकार

बोला. बोअरबंदीवर लक्ष ठेवणार कोण, तेही सांगा. भूजल कायदा २००२ पासून आहे, तरी उन्हाळ्यात विहिरींवर टँकर लागतात.

दुसऱ्या ठरावाबद्दल: तयार आहे. जागा सुचवायची तर बाजाराच्या वरच्या अंगाला पंचायतीच्या ताब्यातला पडीक तुकडा आहे. तो माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि तिथे इमारत आली तर मी सही गोळा करायला फिरणार नाही.

जुना आरेखक

ठराव लिहिताना 'प्रकल्पास विरोध आहे' एवढ्यावर थांबू नका. पंचायतीने परवाना नाकारला की बिल्डर पंचायत उपसंचालकांकडे अपील करतो, आणि कारणं नसलेला नकार तिथे टिकत नाही. सर्वे नंबर, उताराचा नकाशा, झरीची जागा, पाणीपुरवठा खात्याचं पत्र आहे की नाही, सगळं ठरावात यायला हवं. पंचायत सचिव इतिवृत्तात दोन ओळींत गुंडाळतात, म्हणून लेखी प्रत द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. नकाशा वाचायला कुणी हवं असेल तर शनिवारी संध्याकाळी मी देवळाच्या सभागृहात बसतो. सेंट्रिंगवाल्यांनीही यावं, त्यांना उतार मोजता येतो.