टेक्ससमध्ये परवाना रद्द झालेला नाही

2021 नंतर टेक्ससमध्ये पिस्तुलाचा परवानाच बाद झाला, असा एक दावा ऐकू येतो. तसं नाही. 1 सप्टेंबर 2021 पासून, बंदूक बाळगायला कायद्याने आडकाठी नसलेल्या 21 किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला बहुतेक ठिकाणी परवान्याशिवाय पिस्तूल जवळ ठेवता येतं. पण परवाना आजही मिळतो, आणि तो काढावा असं मी मनापासून सांगेन.

एक कारण फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यानुसार शाळेपासून 1000 फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल नेणं गुन्हा आहे. त्या राज्याचा परवाना असेल तर सूट मिळते. म्हणजे विनापरवाना माणूस मुलाला सोडायला शाळेच्या रस्त्यावर वळला, की राज्याच्या लेखी बरोबर आणि केंद्राच्या लेखी गुन्हेगार!

दुसरं, प्रशिक्षण. परवान्यासाठी प्रशिक्षणाचा वर्ग पूर्ण करावा लागतो, मग 3, 7 आणि 15 यार्डांवरून 50 गोळ्या झाडून चाचणी. पंधरा यार्डांवर माझे हात घामाने ओले झाले होते, कागदावरची भोकं भलतीकडेच. तेव्हा कळलं, घाबरलेल्या माणसाच्या हातात हे किती धोक्याचं आहे. नव्या कायद्याने नेमकी हीच सक्ती काढली, याचं मला फार वाईट वाटतं.

टेक्ससमध्ये गणपतीसाठी हॉल भाड्याने घेणाऱ्या मराठी मंडळांनी दारावरच्या बंदूकबंदीच्या पाट्या जरूर बघाव्यात. त्यांच्यावरचे आकडे म्हणजे टेक्ससच्या दंडसंहितेतली कलमं. 30.05 ची पाटी विनापरवानावाल्यांना अडवते. परवानाधारकाला अडवायला 30.06 (लपवून नेलेल्या पिस्तुलासाठी) आणि 30.07 (उघड दिसणाऱ्या पिस्तुलासाठी) लागतात. आपल्याकडे लहान मुलं धावत असतात, तिन्ही लावा.