मतभेद चालतील, पण हिणवून बोलणं का चालवून घ्यायचं?

गोदातीर (धागाकर्ता)

नाशिकमध्ये चार माणसं जमली की तपोवनातल्या झाडांचा विषय निघतोच. सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामसाठी झाडं तोडायची नोटीस महापालिकेने लावली आणि गावात दोन तट पडले. तट पडले याचं मला वाईट वाटत नाही, असा विषय वादाचाच आहे. वाईट वाटतं ते दोन्हीकडच्या बोलण्याचं. झाडांच्या बाजूने तोंड उघडलं की "आमचा सण आला की यांना पर्यावरण आठवतं". साधुग्रामची गरज सांगायला गेलं की "हे बघा गांजेकसांचे भक्त".

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक निवृत्त शिक्षक उभे राहिले. त्यांनी विचारलं, सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो, मागचा २०१५ ला झाला, मग एवढ्या वर्षांत कुठली जागा साधूंसाठी मोकळी ठेवायची आणि कुठे झाडं वाढू द्यायची हे ठरवायला काय हरकत होती? प्रश्न दोन्ही बाजूंना अडचणीचा होता. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, तास संपला." सगळे हसले. सर खाली बसले आणि मीटिंग पार्किंगच्या विषयावर गेली.

मला बोलायचंय ते या हसण्याबद्दल. रागाबद्दल माझी तक्रार नाही. रागावलेला माणूस समोरच्याला मोजतो, म्हणून तर त्याच्याशी भांडतो, पुरावा मागतो, स्वतःचा पुरावा पुढे करतो. हिणवणारा समोरच्याला मोजतच नाही. "याला काय उत्तर द्यायचं" असं म्हटलं की उत्तर द्यायची जबाबदारीच संपते. आपल्याकडे उत्तर नसतं किंवा शोधायचा कंटाळा असतो, नेमकं तिथेच हे हत्यार बाहेर निघताना मी पाहतो.

राजकारणात तर याचा कळस झालाय. एकीकडे अंधभक्त, दुसरीकडे फुरोगामी, मध्ये कोणी सापडला तर चमचा. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. काल एकमेकांना पाण्यात पाहणारे आज मांडीला मांडी लावून बसलेत. पुढारी मोकळे झाले. खाली मात्र त्यांच्यापायी एकमेकांचा पाणउतारा केलेले चुलतभाऊ अजून एकमेकांच्या घरी गणपतीला जात नाहीत, हे माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

धर्माचं काय सांगावं? आपल्याकडे वैष्णव आखाडे रामकुंडावर स्नान करतात आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला. पेशवाईत दोघांत रक्तपात झाला आणि तेव्हापासून जागा वेगळ्या झाल्या, असं सांगतात. दोघेही हिंदू, दोघेही साधू, नदीही एकच.

विरोध करा, कडक शब्दांत करा. पण "तू उत्तर देण्याच्या लायकीचा नाहीस" असं सुचवणारं बोलणं मी यापुढे चालवून घेणार नाही. माझ्या बाजूच्या माणसाचंही नाही. तुम्हाला काय वाटतं?

रविवार कारंजा

साफ असहमत. गोड बोलायचा आग्रह नेहमी तोच धरतो ज्याचं बरं चाललेलं असतं.

आपल्याच पंचवटीत २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. आंबेडकरांचं, इथली धुरा दादासाहेब गायकवाडांकडे. मंदिराच्या चारही दरवाज्यांसमोर माणसं शांतपणे बसली, बायकाही बसल्या. त्या वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी त्यांनी दगड खाल्ले. काही वर्षं लढा चालला, दार उघडलं नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. सभ्यपणाने दारं उघडत असती तर येवल्याची वेळ आली असती का?

दाभोलकरांचंही तेच. आयुष्यभर आवाज न चढवता बोलले. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांना गोळ्या घातल्या.

ज्याच्या हातात सत्ता नाही, पैसा नाही, त्याने बुवाबाजीवर हसायचंही नाही? बुवा भीतीवर जगतो. लोक हसायला लागले की भीती जाते आणि त्याचं दुकान बसतं. ते हसू तुम्ही काढून घेतलंत तर फायदा बुवाचाच.

निफाडचा शेतकरी

मी दुसऱ्या टोकाकडून सांगतो. आमच्याकडे हे दर वर्षी होतं आणि त्याला धर्म लागत नाही, नुसता कांदा पुरतो.

८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली. लाल कांदा नुकताच बाजारात यायला लागला होता. भाव एकदम कोसळले, लासलगावला लिलाव बंद पडले, लोक रस्त्यावर उतरले. तेव्हा शहरातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर काय आलं? "टॅक्स भरत नाहीत, कर्जमाफी घेतात आणि वर नाटकं करतात." एकाने लिहिलं, "एवढाच भाव पाहिजे तर साठवून ठेवा ना, डोकं वापरा."

आता यातलं "डोकं वापरा" काढून टाका, खाली एक रास्त प्रश्न शिल्लक राहतो : भाव पडल्यावर शेतकरी कांदा साठवत का नाही? त्याला उत्तर आहे. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो. तरी वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब येतात, चाळ उघडल्यावर काळा पडलेला थर बाजूला काढावाच लागतो. पण हिवाळ्यात येणारा लाल कांदा टिकतच नाही. त्याची पात वाळवून मान बंद होत नाही, आत पाणी राहतं. तो काढला की विकायचा, भाव असो वा नसो. म्हणून डिसेंबरातली बंदी आम्हाला जेवढी लागते तेवढी मे महिन्यातली लागत नाही.

हे मी त्या ग्रुपवर लिहिलं असतं तर दहा जणांना कळलं असतं. पण "डोकं वापरा" वाचल्यावर माझा हात ते लिहायला उठला नाही. मी ग्रुप सोडला. आता तिथे कांद्याबद्दल बोलणारे सगळे असे आहेत ज्यांनी चाळ आतून पाहिलेली नाही.

आणि हेही सांगतो, आमच्या पारावर शहरी माणसाबद्दल जे बोललं जातं तेही ऐकण्यासारखं नसतं. "पाच रुपये किलोने घेऊन वर कोथिंबीर फुकट मागणारे" यापलीकडे त्याची ओळखच नाही. शहरात वीस हजारांवर घर चालवणाराही असतो, त्याला कांदा ऐंशीला घेताना खरंच टोचतं, हे तिथे कोणी बोलत नाही.

दूधबाजार

गोदातीर, तुमचा हेतू चांगला आहे. पण तुमच्या मांडणीत एक भार कुणाच्या तरी डोक्यावर बसतो आणि तो माझ्यासारखीच्या डोक्यावर बसतो, म्हणून लिहिते.

मी जुन्या नाशिकची. चार पिढ्या इथल्या. ऑफिसमध्ये पाकिस्तानची मॅच असली की दुसऱ्या दिवशी डबा उघडताना ठरलेला प्रश्न येतो : "काय मॅडम, काल घरात चूल पेटली का?" सगळे हसतात. विचारणारा माणूस वाईट नाही. माझ्या आईच्या ऑपरेशनला रक्त द्यायला तोच आला होता. पण त्या एका वाक्याने मी दर वेळी पहिल्यापासून सिद्ध करायला बसते की मी इथलीच आहे.

तुम्ही म्हणता हिणवण्यापेक्षा वाद घाला, उत्तर द्या. मला वादच नकोय. मी या देशाची आहे की नाही हा मतभेदाचा मुद्दा नाही, त्यावर दोन बाजू नाहीत. असल्या प्रश्नाला मी गप्प राहिले किंवा तुच्छतेने पाहून उठून गेले तर तो माझा दोष धरू नका. कधी कधी समोरच्याला न मोजणं एवढंच आपल्या हातात असतं.

पंचवटीतली

झाडांच्या वादात मी साधुग्रामच्या बाजूची. झाडं तोडावीत असं नाही, पण साधूंची सोय झालीच पाहिजे असं माझं मत. आमच्या घरी सिंहस्थात अनोळखी यात्रेकरूंना ओसरी मोकळी करून देतात, माझ्या सासूबाई पहाटे चारपासून चहाचं आधण ठेवतात. त्यांना कोणी विचारलं नाही की तुम्ही हे का करता. "देवभोळी बाई" म्हणून मोकळे होतात, आणि म्हणणाऱ्यांत आमच्या नात्यातली शिकलेली मुलंच पुढे.

पण दूधबाजारताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून एक कबूल करायला हवं. देवभोळी म्हटल्यावर ज्यांना लागतं, तेच लोक आमच्या गल्लीत तुमच्या नमाजाबद्दल, बुरख्याबद्दल काय काय बोलतात ते मी रोज ऐकते. त्यांच्या श्रद्धेला भावना असतात, तुमच्या श्रद्धेला नसतात, असा सगळा कारभार.

कॉलेज रोड

थोडं वेगळं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवरा-बायकोची भांडणं वर्षानुवर्षं रेकॉर्ड करून तपासली. आरडाओरडा करणारी बरीच जोडपी टिकतात असं त्यांना दिसलं. तुटायची सगळ्यात मोठी खूण त्यांना सापडली ती तुच्छता : डोळे फिरवणं, ओठ मुरडणं, कुत्सित नक्कल. मी समुपदेशनाचं काम करते. माझ्यासमोर बसलेला माणूस बायको बोलायला लागली की खिडकीबाहेर बघून हलकंसं हसतो, तेव्हा ती बोलणं अर्ध्यावर सोडते. त्याने शिवी दिली असती तर ती निदान भांडली असती.

गोदातीर

सगळ्यांचे आभार. दोघांना उत्तर देणं भाग आहे.

रविवार कारंजा, काळारामचा दाखला मला माझ्याच बाजूचा वाटतो. दरवाज्याबाहेर बसलेल्यांना आतल्यांचा राग होता, पण त्यांनी आतल्यांना मोजलं, म्हणून तर दार ठोठावलं. तुच्छता सगळी आतल्या बाजूला होती. येवल्याची घोषणाही हेटाळणी नव्हती. पाच वर्षं वाट पाहून, कारणं जाहीर सांगून घेतलेली फारकत होती ती. दाभोलकरांचं सौम्य बोलणं त्यांचा जीव वाचवू शकलं नाही, खरं आहे. पण जादूटोणाविरोधी कायद्याला वारकरी मंडळींचा विरोध होता तेव्हा त्यांच्याशी बोलणं, आक्षेप ऐकून मसुद्यात दुरुस्त्या होणं, हे त्यांच्या हयातीत घडलं. त्यांच्या खुनानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, तो त्या आधीच घडलेल्या मसुद्यावर.

आणि हसण्याचं म्हणाल तर गाडगेबाबांकडे बघा. नाशिकला त्यांची धर्मशाळा आहे, नदीवर त्यांच्या नावाचा पूल आहे. देवापुढे बकरं कापण्यावर त्यांच्याइतकं कोणी झोडपलं नसेल. पण दिवसभर ते त्याच गावाचे रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनात गावालाच प्रश्न विचारत. उत्तर गावाकडून घेत. लोक हसत ते स्वतःच्या वागण्यावर.

दूधबाजारताई, तुमचं मी पूर्ण मानतो. उत्तर द्यायची जबाबदारी तुमची नाही. ती त्या टेबलावर डबा खाणाऱ्या बाकीच्यांची आहे. विचारणारा एकटा असता तर त्याने विचारलंच नसतं, त्याला ते हसू हवं असतं. तिथे कोणीतरी "हे काय विचारणं झालं?" एवढं म्हणायला हवं, आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणी म्हणायला हवं.

दूधबाजार

इतक्या वर्षांत तसं कोणी म्हटलेलं नाही. म्हणालं तर मी नक्की ऐकेन.

रविवार कारंजा

गाडगेबाबांचा मुद्दा मान्य. पण एक प्रश्न तुम्ही टाळलात. राग कुठे संपतो आणि तुच्छता कुठे सुरू होते, हे ठरवणार कोण? वरच्याला खालच्याचा राग नेहमी उद्धटपणाच वाटत आलाय. १९३० मध्ये दाराबाहेर नुसतं बसणंसुद्धा आतल्यांना आपला अपमान वाटत होतं. उद्या तुमच्या सोसायटीत कोणी कामवाली बाई लिफ्टवरून तावातावाने बोलली तर "ही तुच्छतेने बोलते" म्हणून तिलाच गप्प करतील, आणि तुमचा हाच धागा दाखवतील.

म्हणून माझ्यापुरतं सांगतो. पंचवटीतल्या ताईंच्या सासूबाईंवर मी हसणार नाही. त्यांचा चहा प्यायला मिळाला तर आनंदाने पिईन आणि झाडांवरून त्यांच्याशी भांडेन. निफाडच्या दादांनी लिहिलेलं पात-मानेचं प्रकरण मला ठाऊक नव्हतं, ते आमच्या गल्लीतल्या दोन ग्रुपवर टाकतो. पण बुवावर मी हसणार. पोरगं होत नाही म्हणून बाईला अंगारा देऊन तिची पाटली काढून घेणाऱ्याला मी उत्तराच्या लायकीचा समजत नाही, आणि निवडणूक आली की त्याच्या पाया पडायला जाणाऱ्या पुढाऱ्यालाही नाही. त्यात मी बदल करणार नाही.